स्वल्पविरामाच्या जागी य

तिला ताईला फक्त ‘येते’ एवढंच लिहायचं होतं. कितीतरी दिवस ताई मागे लागली होती की नोकरीबिकरी राहू दे बाजूला, हात बरा होईपर्यंत माझ्याकडे येऊन राहा, इथं तुला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देणार नाही. आज सकाळी नवरा कामावर गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसताना तिनं मनाशी म्हटलं, बरंय, जाऊ या. लिहिलं, आणि पाठवण्याआधी सवयीनं नजर वर टाकली तर पडद्यावर शब्दच नव्हता. ठिपक्याठिपक्यांचे दोन पोकळ गोल आणि त्यांच्या डोक्यावर एकेक मात्रा. य नाही, त नाही. आपण दोन्ही कळा दाबल्या हे ती शपथेवर सांगू शकली असती. दाबल्याचं तिच्या डोक्याला ठाऊक होतं, खांद्याला ठाऊक होतं, फक्त बोटांपर्यंत ती बातमी पोचलेली नव्हती. तिनं ‘चहा’ लिहून पाहिलं, ‘हा’ उमटलं. ‘काय’ लिहिलं, ‘का’ आलं. मग चिडून ‘नको’ लिहिलं, तर ते मात्र धडधाकट, जसंच्या तसं, अगदी ठसक्यात येऊन उभं राहिलं. त्या एकट्या शब्दाकडे ती बघतच राहिली, आणि तिला हसू फुटलं. पडल्यापासून पहिल्यांदाच ती अशी मोठ्यानं हसली असावी, कारण रिकाम्या घरात आपल्याच हसण्यानं ती दचकली.

नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून तिचा पाय घसरला होता, आणि उजवं कोपर पायरीच्या कडेवर आपटलं होतं. हाड शाबूत होतं. पण कोपरातून करंगळीकडे जाणारी नस चेचली गेली होती. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही मुकी झाली होती. टाचणी टोचली तरी कळत नसे. ‘‘नस रुसलीय,’’ डॉक्टर म्हणाले होते, ‘‘समजूत पटली तर येईल परत. घाई नाही चालायची.’’ असं थांबणं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत चाललं असतं. तिचं पोट, तिचं नाव, तिचं सगळंच त्या बोटांवर होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सभा-बैठकांतली भाषणं जागच्या जागी टंकायची, हे तिचं काम. माणूस व्यासपीठावर बोलतोय, ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून टंकतेय, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याचा शब्द न् शब्द उमटतोय. लोक बोलणाऱ्याकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. गेली कित्येक वर्षं शहरातल्या बहिऱ्या माणसांनी जे काही ऐकलं होतं, ते तिच्या नाहीतर तिच्या जोडीदारणीच्या बोटांतून ऐकलं होतं. आता कचेरीतल्या मुख्य बाईंनी फार गोड बोलून तिला चौकशीच्या खिडकीवर बसायचं सुचवलं होतं. ‘‘तिथं नुसतं बोलायचं असतं हो, टंकायचं काही नसतं,’’ त्या म्हणाल्या होत्या. पण बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

टायपिंगच्या क्लासला घातलं तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. लोखंडी टेबलांवरचे जुने कॉम्प्युटर, प्रिंटरच्या शाईच्या फितीचा वास, आणि टायपिंगच्या बाई, ज्या प्रत्येक मुलीच्या हातांवर जुन्या पडद्याचा तुकडा टाकत. खाली बघायचं नाही. अक्षर डोळ्यांत नको, बोटांत पाहिजे. महिन्याभरात अक्षरं खरोखरच बोटांत राहायला आली. त उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात, च करंगळीत, क मधल्या बोटात. रात्री पलीकडच्या खोलीत आईबाबांचं जुंपलं की ती अंथरुणात पडल्या पडल्या ते भांडण पांघरुणावर टंकत असे. बाबा म्हणत, तुझं नेहमीचंच आहे हे, आणि त्यातला त करंगळीशेजारच्या बोटानं, झ करंगळीनं, असं एकेक अक्षर जागच्या जागी पडत जाई. टंकून झालेलं वाक्य बोचत नसे. ते येऊन बोटांतून निघून जाई. पुढं हेच तिचं काम झालं याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं, तिला वाटलं नाही. आणि आता त्या बोटांत राहणारी सगळी मंडळी, त आणि द, च आणि ज, ट आणि ड आणि बिचारा य, बंद दाराआड अडकून पडली होती. दुसऱ्या बोटानं जाऊन त्यांना उचलून आणता येत होतं, नाही असं नाही. पण त्या धावपळीत बोलणारा माणूस दोन वाक्यं पुढं निघून जात असे.

ताईला ‘येते’ पाठवायचं राहूनच गेलं, कारण मुक्या करंगळीनं तेवढ्यात भलताच प्रताप केला. माउसवरून घसरून ती कुठंतरी दाबली गेली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात जिथून भाषा बदलतात तिथली पाटी उघडली. त्या पाटीत आणखी एक पाटी होती. ‘कीबोर्डचा आराखडा’, आणि त्याखाली ‘नवीन तयार करा’. इतकी वर्षं ती याच कोपऱ्यात दिवसातून दहादा जात होती, पण खाली काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. वाचायची वेळच आली नव्हती. तिनं क्लिक केलं. पूर्ण कीबोर्डचं चित्र आलं, राखाडी रंगाचं. एका कळीवर क्लिक केल्यावर छोटी चौकट उघडली, तीत विचारलं होतं, ही कळ दाबल्यावर काय उमटावं? ती खुर्चीत मागे टेकली. एवढा साधा प्रश्न, पण तो आपल्याला आजवर कुणीच विचारला नाही असं तिला वाटलं. आणि मग वाटलं, विचारला असता तरी आपण काय सांगितलं असतं? अक्षरं तिथंच असतात. कुणीतरी शहाण्या माणसांनी ठरवून दिलेलं असतं, तसंच असतं. तिला एकदम कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि बोलायला घरात कुणी नव्हतं म्हणून ती उठून बाल्कनीत गेली, खालची रहदारी बघितली, पुन्हा आत आली.

दुपारी नवरा जेवायला घरी आला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. बाहीला ग्रीस आणि खिशात स्क्रूड्रायव्हर असल्याशिवाय तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

‘‘हे बघ ना,’’ ती म्हणाली. ‘‘अक्षरं हलवता येतात.’’

त्यानं हात पुसत पडद्याकडे पाहिलं. ‘‘मग? येणारच की.’’

‘‘येणारच की म्हणजे?’’

‘‘अगं, लिफ्टमधल्या बटणाचा आणि मजल्याचा काय संबंध? तार ज्या मजल्याची जोडली तो मजला. मी पाचाच्या बटणाला तिसऱ्याची तार जोडली तर माणूस पाच दाबून तिसऱ्यावर उतरेल, आणि वर मलाच शिव्या घालेल. बटणाला काही कळत नसतं.’’

‘‘मग मी त कुठेही नेऊ शकते?’’

‘‘छतावर ने. फक्त माझी बिलं करायच्या वेळी जुनं लाव, नाहीतर मी लिफ्ट लिहायचो आणि निघायचं भलतंच.’’

तो जेवून गेला, आणि तिनं खरकटी ताटं तशीच ठेवून काम सुरू केलं. मुलगी असताना घर-घर खेळताना कोण कुठं झोपणार हे ठरवण्यात जशी तंद्री लागत असे तशी लागली. त सगळ्यांत मोठ्या कुटुंबकबिल्याचा, त्याच्यावाचून एक वाक्य पुढं सरकत नाही, त्याला आधी जागा पाहिजे. डाव्या हाताच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक कळ होती, जिच्यावर एक अशी मात्रा बसवली होती जी तिच्या भाषेत कुणी वापरतच नाही. इतकी वर्षं ती मात्रा तिथं फुकट राहत होती. तिला बाहेर काढून तिनं त आत आणला. द आणि च आणि ज यांच्यासाठी तिनं उजव्या अंगठ्याला कामाला लावलं. आजवर तो नुसता खालच्या लांब कळीवर दोन शब्दांमध्ये जागा सोडत बसलेला असायचा. ते काम डाव्या अंगठ्याकडे दिलं. उजव्या अंगठ्यानं त्या लांब कळीशेजारची कळ धरून ठेवायची आणि ग दाबला की द, क दाबला की च, ह दाबला की ज. र आणि प यांच्या जोडीला ट आणि ड दिले. राहिला य. य काही अंगठ्यावर चढवण्यासारखा नव्हता, तो फार येणारा-जाणारा. तिनं मधल्या बोटाखालच्या कळीकडे पाहिलं. तिथं स्वल्पविराम होता. भाषणात स्वल्पविराम कोण बोलतं? लोक श्वास घेतात, घोटभर पाणी पितात, पण स्वल्पविराम कुणी उच्चारत नाही. तिनं स्वल्पविरामाला अंगठ्याच्या मदतीवर पाठवलं आणि त्याच्या जागी य बसवला. चौकटीनं आराखड्याचं नाव विचारलं तेव्हा हात अजून जुन्याच कीबोर्डवर होते. तिनं ‘मीच’ टंकलं, आणि च न उमटल्यामुळं नुसतं ‘मी’ राहिलं. तिनं तसंच राहू दिलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

‘‘काय गं, कधी येतेस? खोली आवरून ठेवलीय.’’

‘‘ताई, मी नाही येत.’’

‘‘नाही येत? आणि तिथं बसून काय करणार?’’

‘‘ताई, मी त डाव्या हातात नेला.’’

‘‘काय नेलास?’’

‘‘त. आणि स्वल्पविरामाच्या जागी य ठेवला.’’

मग ताई हळूच म्हणाली, ‘‘खरं सांग, डोक्याला पण मार लागला होता का?’’ आणि दोघी इतक्या हसल्या की दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. अक्षरांनी नवी घरं घेतली, पण बोटं जुन्याच पत्त्यावर जाऊन दारं ठोठावत राहिली. रेडिओवरच्या बातम्या टंकायला बसली की पहिलं वाक्य नीट, दुसऱ्यात गोंधळ, तिसऱ्यात नुसता खिचडा. डोकं भणभणायचं. हातांवर ओढणी टाकून बसली तेव्हा तिला बाई आठवल्या, त्यांच्या खरखरीत पडद्याचा स्पर्श आठवला, आणि वाटलं, आपण पाय न टेकणारी मुलगी झालो पुन्हा. पण त्या मुलीला क्लासला कुणी विचारून घातलं नव्हतं. हिनं स्वतः घातलं होतं स्वतःला. हा विचार आला की ती पुन्हा सुरुवात करायची. रस्त्यानं चालताना ती पिशवीच्या बंदावर दुकानांच्या पाट्या टंकू लागली. बसमध्ये पुढच्या बाकावरची दोन माणसं जावयाला नावं ठेवत होती, ते सगळं तिनं मांडीवर उतरवून घेतलं, आणि जावयातला ज अंगठ्यासकट आपोआप पडला, तेव्हा ती इतकी खूश झाली की तिचा थांबा मागे पडला आणि परत चालत यावं लागलं. चालतानाही ती जवळजवळ उड्याच मारत होती. एका सकाळी नळ सोडून ती भांडी विसळत होती आणि शेजारीण दारात उभी राहून काहीबाही सांगत होती, तेव्हा लक्षात आलं की साबणाच्या पाण्यात आपली बोटं शेजारणीचं बोलणं टंकताहेत, नव्या जागांवर, न चुकता. तिनं घाईघाईनं नळ बंद केला. शेजारणीला वाटलं, आपण जास्त बोललो.

मुख्य बाईंनी तिला आजमावून बघायचं कबूल केलं, पण नाइलाजानं. जोडीदारीण शेजारीच बसली होती. कचेरीत सगळे तिला तुफान म्हणत, कारण टंकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तुफान कधी रजा घेत नसे, कधी हसत नसे, आणि हिच्या अपघातापासून सगळ्या सभा एकटीनं ओढत होती. ‘‘मला जमतंय,’’ ती भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘उगाच कुणाला त्रास कशाला?’’ पडदा वाचायला मास्तरांना बोलावलं होतं. मास्तर बहिऱ्यांच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, स्वतःही लहानपणापासून ठार बहिरे. प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसायचे आणि सभा संपली की टंकणारीला तिच्या चुका मोजून दाखवायचे. मुख्य बाई वर्तमानपत्रातून वाचू लागल्या आणि ती टंकू लागली. एक परिच्छेद गेला. दुसरा गेला. तिचे कान, अंगठा, डावी करंगळी, सगळं एका धाग्यात ओवल्यासारखं चाललं होतं. बाईंचा वेग वाढला, आणि मग चष्मा घसरला म्हणून त्या मध्येच म्हणाल्या, ‘‘थांबा, थांबा.’’ भिंतीवर उमटलं, ‘ांबा, ांबा’. थ! थला ती विसरलीच होती. नुसता थ नव्हे. ठ, ध, झ, छ, ढ, जुन्या बोटांवरची ही सगळी पाहुणेमंडळी तिनं कुठंच उतरवली नव्हती. सरावातल्या खिचड्यात ती भोकं दिसली नव्हती, आणि नंतर तर तिनं पडद्याविना, मांडीवरच टंकलं होतं. आजच्या मजकुरात ती आली तेव्हा तिथं भोकं पडली असणार, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिनं हात कळांवरून उचलले. पण मास्तर खुर्चीत मागेपुढे होऊन हसत होते. ‘‘बाई,’’ ते आपल्या चढ-उतार नसलेल्या मोठ्या आवाजात म्हणाले, ‘‘हिला थांबा म्हणताच येत नाही. हिला ठेवा.’’

मुख्य बाईंनी तिला पुढच्या सुनावणीला तुफानच्या जोडीला बसवलं. अट एवढीच, की अडखळली तर तुफाननं लगेच हातात घ्यायचं. तोवर तिनं त्या सगळ्या पाहुण्यांना जागा दिल्या. थ अंगठ्याच्या जोडीनं न च्या कळीवर, आणि बाकीचे जवळपास. सुनावणी मास्तरांच्याच शाळेची होती. शाळेची इमारत शेजारच्या दवाखान्याला हवी होती, आणि शाळा शहराबाहेर, बसचा शेवटचा थांबा जिथं येतो त्याच्याही पुढं हलवायची, असं अधिकाऱ्यांच्या मनात होतं. सभागृह गच्च भरलं होतं. आईबाप, मुलं, म्हातारी माणसं, आणि कुणीच आवाज करत नव्हतं. नुसते हात हलत होते, रांगांवर रांगा. तुफाननं पहिली पाळी घेतली. मग खुर्ची सरकवून तिला जागा दिली, आणि तिनं हात ठेवले.

पहिल्या वाक्याला ती अक्षरं शोधत होती, दुसऱ्याला शोधणं विसरली. अधिकारी भरभर बोलत होते, कागदावरून वाचत, मध्येच कागद टाकून. ती त्यांच्या मागे नव्हतीच, त्यांच्या बरोबर होती. पायऱ्या उतरताना पुढची पायरी पायाला आपोआप सापडावी तसं अक्षर सापडत होतं. मास्तर पहिल्या रांगेतून भिंतीकडे बघत होते, ओठ हलवत. मग एक आई बोलली, हातांनी. तिच्या शेजारी उभ्या दुभाष्यानं ते आवाजात आणलं आणि हिनं ते भिंतीवर चढवलं. त्या बाईचं बोलणं जरा लांबलं. समोरचा माइक चालू असतानाच अधिकारी बाजूच्या माणसाकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘यांना कुठं ऐकू येतंय? उरका लवकर.’’

हात थांबले नाहीत. सभेत जे बोललं जाईल ते टंकायचं, हा नियम होता; पण असलं कुजबुजलेलं कुणी टंकत नसे, हेही तिला ठाऊक होतं. तिनं विचार केला असता तर कदाचित तिनंही सोडून दिलं असतं. पण विचार येईपर्यंत ‘यांना कुठं ऐकू येतंय? उरका लवकर’ भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत उभं होतं. हलणारे सगळे हात एकदम थबकले. सभागृहात आधीही शांतता होती, पण ही वेगळी होती. मास्तर उठले. माइककडे गेलेसुद्धा नाहीत.

‘‘ऐकू येत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘वाचता येतं.’’

आणि तिनं तेही टंकलं. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली, मग तिच्या शेजारचा, मग सगळेच. कुणी ओरडलं नाही. उभे राहून ते भिंतीकडे बघत होते, पुढं काय उमटतंय त्याची वाट बघत. अधिकारी पाणी प्यायले, त्यांनी कागद उलटेपालटे केले, आणि शेवटी म्हणाले की झाल्या प्रकाराबद्दल मी माफी मागतो, त्या बाईंना पूर्ण बोलू द्या, सगळ्यांना बोलू द्या, तोवर शाळेबद्दल काही ठरणार नाही. माफीतला फ, ठरणारमधला ठ, एकही अक्षर सांडलं नाही. सुनावणी संध्याकाळपर्यंत चालली, आणि तुफाननं एकदाही तिच्या हातातून काम काढून घेतलं नाही.

नंतर मुख्य बाई आल्या, म्हणाल्या, ‘‘ते वाक्य टंकायलाच हवं होतं का हो?’’ आणि तिनं काही उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाल्या, ‘‘खिडकीवर मी दुसरं कुणीतरी बघते,’’ आणि निघून गेल्या. मास्तर जाताना तिच्या टेबलाशी थांबले. एकंदर नऊ चुका, त्यातल्या दोन अक्षम्य, असं बजावून त्यांनी तिचा मुका हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हलवून सोडला. करंगळीला काही कळलं नाही. बाकी सगळ्या अंगाला कळलं.

सभागृह रिकामं झालं होतं. ती वायर गुंडाळत होती आणि आतून अजून सगळं पळत होतं. आत्ता कुणी म्हणालं असतं तर तिनं रात्रभर टंकलं असतं. तुफान मात्र जागेवरून उठली नव्हती. पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

‘‘मीही ऐकलं होतं ते,’’ तुफान म्हणाली. ‘‘माझी पाळी असती तर मी गाळलं असतं.’’

तिनं वायरचा शेवटचा वेढा घातला आणि ती तुफानकडे वळली.

तुफाननं उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठ्याचं मूळ सुजून टेंगूळ आल्यासारखं झालं होतं. कितीतरी वर्षं शेजारी बसून तिनं ते पाहिलं नव्हतं. तुफान हात नेहमी कीबोर्डवर नाहीतर पर्सखाली ठेवत असे. ‘‘सकाळी झंपरचं बटण लावता येत नाही मला,’’ तुफान भिंतीवरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत म्हणाली. ‘‘मुलगी लावून देते. बाईंना सांगू नकोस.’’

तिनं गुंडाळलेली वायर सोडली, पुन्हा जोडली, आणि खुर्ची तुफानच्या जवळ ओढून घेतली. कीबोर्डचं राखाडी चित्र पडद्यावर आलं.

‘‘कुठल्या अक्षराला जास्त कळ येते?’’

तुफाननं डोळे मिटले. टेबलाच्या कडेवर तिची बोटं हलली. एक वाक्य, मग दुसरं. मध्येच तिचा चेहरा आक्रसला.

‘‘अक्षराला नाही,’’ तुफान म्हणाली. ‘‘दोन शब्दांमधल्या जागेला. प्रत्येक शब्द संपला की.’’

‘‘मग ती आधी हलवू या,’’ ती म्हणाली, आणि तिनं चित्रातल्या सगळ्यांत लांब कळीवर क्लिक केलं.